जा, नीट वाग

३ सप्टेंबर, मंगळवार

या वहीची सुरुवातीची पानं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, औषधांच्या वेळांनी भरली आहेत. आता त्या वेळा अण्णांना सांभाळायला येणाऱ्या ताईंना तोंडपाठ झाल्या, त्यामुळे वही रिकामी पडली. कोरी पानं टाकवत नाहीत. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, रोज चार ओळी लिहिणाऱ्याचं मन तुंबत नाही. बघू या.

आज मोठं काम आलं. कर्नल येऊन गेले. कर्नल म्हणजे जन्मभर विमा कचेरीत बसलेला माणूस. बंदूक धरली असेल तर फुगे फोडायची. हे नाव आमच्या हिनं ठेवलंय, आणि आता मलाही त्यांचं खरं नाव पटकन आठवत नाही. त्यांचे वडील अण्णांच्या पलटणीत होते. ती माणसं एकेक करत गेली, त्यांची संघटना आता मुलं चालवतात. पलटण पाण्यापलीकडे उतरली त्याचा वर्धापनदिन येतोय, त्या दिवशी मिरवणूक काढायची आहे. त्यासाठी पलटणीचा जुना झेंडा नव्यानं शिवून हवा. गडद निळं कापड, मध्ये पांढरं कडं, कड्यात तीन भाले. लढाई हरल्यावर सरकारनं तो उतरवला, तो पुन्हा कुठल्या कचेरीवर चढला नाही. पण शिवायला मनाई नाही.

"तुमच्या अण्णांनी तो खांद्यावर वाहिलाय," कर्नल म्हणाले. "याच घरचा हात लागला पाहिजे."

मला बरं वाटलं. आजोबांपासून आम्ही झेंडेच शिवतो. शाळांचे, दवाखान्यांचे, जहाजांचे. पण अण्णांनी स्वतः वाहिलेला झेंडा माझ्या हातून होईल असं वाटलं नव्हतं.

अण्णांना सांगायला गेलो तेव्हा ताई त्यांना भरवत होत्या. मी सांगितलं आणि अण्णांनी तोंड मिटलं. ताई चमचा धरून बसल्या. "झोप आली का, अण्णा?" त्यांनी विचारलं. "आली," म्हणाले. आनंदानं घास अडकला असावा. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला एवढी मोठी बातमी एकदम सांगायला नको होती.

५ सप्टेंबर, गुरुवार

निळं कापड बेतलं. पहिल्या टाक्याआधी नेहमीप्रमाणे देवाचं नाव घेतलं.

शाळेचे झेंडे तयार होते, ते अण्णांकडे नेले. आमच्या घरची रीत अशी की झेंड्याचा शेवटचा धागा घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं कापायचा. तो कापला जाईपर्यंत झेंडा उंबऱ्याबाहेर जात नाही. धागा कापताना अण्णा दरवेळी म्हणतात, "जा, नीट वाग." मी हे जन्मापासून ऐकतोय. आजही प्रत्येक झेंड्याला म्हणाले, एकालाही वगळलं नाही.

ताई हसल्या. "झेंडा काय सासरी चाललाय?"

"सासरीच," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातात. तिथे कसा वागतो ते आपल्याला थोडंच दिसतं."

८ सप्टेंबर, रविवार

ताई पाण्यापलीकडच्या. आमच्याकडे वर्षभर आहेत. त्यांच्याआधी दोन बायका येऊन गेल्या, अण्णांनी दोघींना परत पाठवलं. एकीचा हात गार, दुसरी फार बोलते. ताईंनी पहिल्याच दिवशी आपल्या गावाचं नाव सांगितलं, तेव्हा अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यांना राहू द्या." ताईंचं बोलणं कानाला गोड लागतं, त्यामुळे असेल.

आज त्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. अण्णांनी मध्येच विचारलं, "तुमच्या विहिरीजवळचं ते दुभंगलेलं झाड आहे का अजून?"

ताईंचा हात बटणावर थांबला. "नाही. आमची आजी लहान होती तेव्हाच तोडलं."

"तोडलं," अण्णा म्हणाले. "बरं केलं."

अण्णांना हल्ली काहीही आठवतं. विहीर काय आणि दुभंगलेलं झाड काय, कुठल्याही गावात असतंच. माझ्याही गावात होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कडं आणि भाले बसले. या कामात एक खुबी आहे. चिन्ह नुसतं वरून शिवलं तर मागच्या बाजूनं दिसत नाही. म्हणून आधी ते घट्ट शिवायचं, मग उलट्या बाजूनं त्याच्यामागचं निळं कापड कात्रीनं कापून काढायचं. मग झेंडा दोन्हीकडून सारखा दिसतो. कात्री जरा घसरली तर सगळं गेलं. आज घसरली नाही.

ताई आल्या तेव्हा तो टेबलावर पसरलेला होता. आमच्या घरात शिरायचं तर शिवणखोलीतूनच. त्या खांद्यावरची पिशवी धरून तिथेच उभ्या राहिल्या.

"हे काय?"

मी सगळं समजावून सांगितलं. कर्नल, मिरवणूक, दोन्हीकडून सारखा कसा दिसतो ते उलटून दाखवलं. त्या "हं" म्हणाल्या आणि आत गेल्या. दिवसभर नेहमीसारखं काम केलं. अण्णांना अंघोळ घातली, नखं कापली. निघताना हिला म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून मला जमणार नाही." ही त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेली आणि एकटीच परत आली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णांनी हिच्या हातचं खाल्लं नाही. माझ्याही नाही. चमचा ओठाला लागला की तोंड घट्ट. "ताई कुठे?" एवढंच.

"काय केलंत तुम्ही?" ही म्हणाली.

"मी काय केलं?"

"तेच विचारतेय."

१४ सप्टेंबर, शनिवार

तसंच. दूध तेवढं दोन घोट घेतलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं फार दिवस चालणार नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

ताईंकडे गेलो. एका कुलपांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्या आणखी दोघींबरोबर राहतात. गच्चीत वाळलेले कपडे काढत होत्या. मी सांगितलं, अण्णा जेवत नाहीत. त्यांनी मान खाली घातली, पण हात चालूच.

मी म्हटलं, "अण्णा जुन्या काळातले. तेव्हा ते पोरगेलेच होते. त्यांच्यावर राग धरू नका."

"अण्णांवर राग असता तर पहिल्या आठवड्यातच गेले असते. त्यांच्या उशाशी तो फोटो आहे ना, गणवेशातला? तो रोज मीच पुसते. मागे झेंडाही दिसतो त्यात."

"मग?"

त्यांनी चिमटे एकेक करून डब्यात टाकले. "आमच्या विहिरीवर लावला होता तो. पाणी काढण्याआधी त्याच्यापुढे वाकायचं, असा हुकूम होता. आजीचा भाऊ नाही वाकला. झाड जवळच होतं." पुढचं मीही विचारलं नाही.

चिमट्यांचा डबा बंद करून म्हणाल्या, "अण्णा तेव्हा किती वर्षांचे होते?"

"सतरा."

"आणि तुम्ही किती वर्षांचे?"

"एकोणपन्नास पुरी झाली."

त्यांनी मान हलवली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी मिळून चादरीची घडी घातली.

वय का विचारलं ते कळलं नाही. दादा म्हणायचं की काका, ते ठरवायला असेल. पण एक कळलं. त्या झेंड्याजवळून रोज ये-जा करणं त्यांना जमत नाही, आणि ते साहजिकच आहे. वाटेत मला एक उपाय सुचला. सुचवणारा देवच.

१६ सप्टेंबर, सोमवार

अण्णांच्या खोलीला मागच्या बाजूनं एक दार आहे. त्याला कपाट लावलेलं, कित्येक वर्षं उघडलेलं नव्हतं. ते कपाट सकाळी सरकवलं. बिजागऱ्यांना तेल दिलं, बोळातला कचरा काढला, पायरीची निसटलेली वीट बसवली. ताईंना निरोप धाडला की आता समोरून यायला नको, मागून थेट अण्णांच्या खोलीत या. झेंडा दृष्टीस पडणार नाही.

दुपारी आल्या. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "छान उघडलंत दार, दादा," म्हणाल्या. म्हणजे दादाच ठरलं. अण्णांनी वाटीभर खाल्लं.

मी समाधानानं हिला म्हटलं, "बघ, सुटला की नाही प्रश्न?"

"दार उघडलंत ते बरं झालं," ही म्हणाली. "आता डोळे कधी उघडताय?"

हिला माझं कुठलंच काम एका फटक्यात पसंत पडत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

झेंडा पूर्ण झाला. शेवटचा धागा तेवढा लोंबतोय. अण्णांकडे नेला, अर्थात ताई गेल्यावर. कात्री हातात दिली. ते म्हणाले, "आज हात थरथरतोय."

त्याआधी दवाखान्याच्या झेंड्यांचे धागे कापले होते. तेव्हा थरथरला नव्हता. या वयात असं घडीघडीला बदलतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

"चष्मा नाही," अण्णा म्हणाले. चष्मा नाकावर होता. मी काढून, पुसून पुन्हा लावला. "आता?" "आता ऊन डोळ्यांवर येतंय."

२३ सप्टेंबर, सोमवार

मी झेंडा घेऊन गेलो की त्यांना झोप लागते. लहान मुलं मिटतात तसे डोळे घट्ट मिटतात.

कर्नलचा फोन. "एका धाग्यासाठी काय अडलंय? तुम्हीच कापा की." बरोबर आहे त्यांचं. पण अण्णा असताना मी कापणं म्हणजे त्यांना जितेपणी बाजूला काढणं. ते माझ्यानं होत नाही. नुसतं तेवढंच आहे का, हे मात्र मला नीट सांगता येत नाही. आज दोनदा कात्री उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

देवापुढे बसलो होतो आणि मध्येच गावची शाळा आठवली. समोरच्या भिंतीवर, दाराच्या वर, एक गोल डाग होता. भोवतीचा गिलावा जुना, आणि तेवढा गोल नवा. आम्ही त्याला चंद्र म्हणायचो. पावसाळ्यात तो ओला व्हायचा तेव्हा पोरं म्हणायची, चंद्र रडतोय. एकदा मी गुरुजींना विचारलं होतं, तिथे आधी काय होतं? गुरुजी म्हणाले, "पाढे म्हण." मी पाढे म्हटले.

आज त्या डागाचं माप डोळ्यांसमोर आलं. झेंड्यावरच्या कड्याएवढाच होता.

हिनं विचारलं, "झालं का देवाशी बोलून?" म्हटलं, "तो ऐकायला बसला होता. मलाच काही सुचेना."

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मशीनवर बंदराच्या झेंड्यांच्या कडा दुमडत होतो. आत अण्णा ताईंशी बोलत होते, पण मशीनच्या आवाजात शब्द कळत नव्हते. दोरा संपला, मशीन थांबवलं, आणि तेवढ्यात ऐकू आलं.

"दोर मी धरला नव्हता, बाई. मी झेंडा धरला होता. वारा फार होता. दोन्ही हात त्यातच होते."

मी रीळ हातात धरून बसलो. हीही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती.

मग ताईंचा आवाज आला. "माहीत आहे मला. तोंड उघडा, गार होतंय."

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मी मशीन पुन्हा चालू केलं नाही.

ताई गेल्यावर अण्णांजवळ जाऊन बसलो. झेंडा नेला नाही, कात्रीही नाही. म्हटलं, "अण्णा, तो धागा तुम्हाला कापायचाच नाहीये ना?"

त्यांनी पांघरुणाचा काठ बोटांनी चाचपला.

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी घेतलंच नसतं काम."

"तू विचारलंस कुठे? आणि मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, "आजोबांपासूनची रीत आहे, म्हणून थांबलो होतो मी."

"धाग्याची रीत त्यांची," अण्णा म्हणाले. "ते मुकाट्यानं कापायचे. म्हणायचे काहीच नाहीत. ते म्हणणं माझं. परत आल्यावर सुरू केलं."

"का?"

"आधीचा नीट वागला नाही," ते म्हणाले. आणि मग, "त्याला नेलेलाही मीच."

आयुष्यभर मी ते शब्द देवघरातल्या श्लोकासारखे ऐकत आलो. कुणी आणि का म्हटले, हे कधी मनातही आलं नाही.

ताईंनी वय का विचारलं होतं, ते आता हे लिहिताना समजलं. दादा की काका ठरवायला नव्हतं विचारलं. अण्णा सतरा वर्षांचे होते. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कर्नल न्यायलाच आले.

"राहिलंय काय?"

"धागा."

"मग कापून घ्या अण्णांकडून."

"ते कापत नाहीत."

"मग तुम्ही कापा."

"मीही कापणार नाही. झेंडा देत नाही मी. तुम्हाला इतके दिवस ताटकळत ठेवलं, त्याची माफी मागतो."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "अहो, तुमचे वडील वीर आहेत. त्यांचा हा अपमान आहे."

"आत आहेत. त्यांनाच विचारा."

कर्नल आत गेले, ताठ उभं राहून त्यांनी सलाम केला. ताई खिडकीजवळ टॉवेल घडी करत होत्या. अण्णांनी हातानं खुणावून कर्नलना जवळ बसवलं.

"तुझे वडील झोपेतून ओरडत उठायचे का रे?"

कर्नलनी ताईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "उठायचे. आई सांगायची, त्यांचं पोट दुखतं."

"माझंही दुखायचं," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर कर्नल म्हणाले की ते दुसरीकडून शिवून घेतील. म्हटलं, तुमची मर्जी. शिवणारा कोणीतरी मिळेलच त्यांना, त्यात शंका नाही. आवाज मात्र आल्यावेळचा राहिला नव्हता. टोपी टेबलावरच विसरून गेले. ही म्हणाली, "कर्नलचा शिपाई झाला की हो."

"हसू नकोस," मी म्हटलं. "तीन आठवडे मी तरी कोण होतो?"

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी कपाट पुन्हा मागच्या दाराला लावलं. ताईंना सांगायचं मात्र राहून गेलं. त्या बोळातून आल्या, दार ढकललं, ते हलेना. मग सगळा वळसा घालून समोर आल्या. मी ओशाळून काही बोलणार होतो, पण त्यांचं लक्ष टेबलाजवळ बसलेल्या अण्णांकडे होतं.

अण्णांना खुर्चीसकट शिवणखोलीत आणलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं. झेंडा त्यांच्या मांडीवर आणि हातात टाके काढायची उसवणी. भाले आधीच निघाले होते, आता कड्याची शिवण उसवत होते. हात अजिबात थरथरत नव्हता. शिवण घट्ट होती. मीच घातलेली.

ताई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. कोणी त्यांना या म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. कडं सुटून खाली पडलं, आणि निळ्या कापडातल्या त्या मोठ्या भोकातून अण्णांचे गुडघे दिसायला लागले. मागचं कापड मीच कापून टाकलं होतं ना, ते आता कुठून आणणार.

ताई आत आल्या. पिशवी खुंटीला लावली. "एवढं मोठं भोक," म्हणाल्या. "याचं आता काय करायचं?"

"फडकी," ही म्हणाली. "कापड चांगलं आहे. फरशी पुसायला होईल."

"फरशीला नको," अण्णा म्हणाले. "कापडाचं काही चुकलं नव्हतं."

"मग खिडक्यांना," ताई म्हणाल्या. त्यांनी खाली पडलेलं कडं उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि चिंध्यांच्या पेटीत टाकलं. "चला अण्णा, हात धुवून घ्या, खायची वेळ झाली."

अण्णा उठेनात. काठाला तो धागा अजून लोंबत होता. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी कात्री दिली. त्यांनी धागा कापला. मी ऐकायला थांबलो होतो, पण ते काही म्हणाले नाहीत. कात्री मात्र परत माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली.

"यापुढचे तू काप," म्हणाले. "म्हणायला विसरू नकोस."

१ ऑक्टोबर, मंगळवार

बंदराचे झेंडे तयार झाले. पहिला उचलला. ताई आत अण्णांना भरवत होत्या, मधलं दार उघडं होतं. धागा कापला. लहानपणापासून ऐकलेले ते शब्द, पण स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच. देवापुढे पुटपुटतो तसं पुटपुटलो, "जा, नीट वाग."

आतून अण्णांचा आवाज आला. तोंडात घास होता.

"मोठ्यानं म्हण."